परतणाऱ्या बगळ्यांचा पत्ता

निळ्या टेकड्यांच्या कुशीत एक चिमुकलं गाव होतं. तिथे अबोली नावाची मुलगी आपल्या मावशीपाशी राहायची. गावातली सगळी पोरं चित्रपत्त्यांनी खेळत. प्रत्येकापुढे सात लालचुटूक गुंजा आणि बाजूला पत्त्यांची गड्डी. पत्त्यावरचा लांडगा, नाग नाहीतर गरुड समोरच्याची गुंज पळवायचा. सगळ्या गुंजा गेल्या की हार. आणि आपली पाळी आली, पण ओढायला गड्डीत पत्ताच नसला, तरीही हार.

इतरांकडे तीस-तीस पत्ते. अबोलीकडे नऊच, तेही कुणी फाडून टाकलेले, तिने डिंकाने सांधलेले. डाव रंगात येईतो तिची गड्डी संपून जायची.

एका सकाळी ती डिंक आणायला गावच्या बागेतल्या बाभळीपाशी गेली. मधाळ डिंकाच्या थेंबात काहीतरी लुकलुकत होतं. पाहते तर बोटभर उंचीची परी! तिचा इवलासा मोरपंखी पंख घट्ट चिकटला होता.

"हलू नकोस हं, परीताई," अबोली म्हणाली. पानापानावरचं दव तिने थेंब थेंब सोडलं, हळूच फुंकर घातली. पंख सुटला. डिंक मात्र सगळा वाहून गेला.

परी फांदीवर बसली. "बाळ, हवा तो एक पत्ता माग. पण नियम असा, की तसाच पत्ता तुझ्यासमोर खेळणाऱ्यालाही मिळेल."

अबोलीने विचार केला. वाघ मागावा, तर समोरूनही वाघच येणार.

"खेळून झालेले पत्ते गड्डीत परत आणील, असा पत्ता दे."

"तो समोरच्यालाही तारेल."

"तारू दे. निदान मला डाव पुरा खेळता येईल."

तिच्या तळहातावर एक पत्ता उतरला. त्यावर घराकडे परतणाऱ्या शुभ्र बगळ्यांची रांग होती.

चार दिवसांनी बागेत वसंताचा सामना भरला. जिंकणाऱ्याला चंदनी पेटी मिळणार होती, आत साठ कोरे करकरीत पत्ते. शेवटच्या डावात अबोलीसमोर बसला अत्तरवाल्यांचा माणकू. डाव लांबत गेला. अबोलीची पिटुकली गड्डी संपे, आणि बगळे ती पुन्हा भरून देत. माणकूचे तीस पत्ते मात्र संपले. त्याची पाळी आली आणि गड्डीची जागा रिकामी होती. त्याच्या हातात एकच पत्ता उरला होता, अनोळखी, पांढऱ्या पक्ष्यांचा.

त्याचे डोळे डबडबले. "हरलो," तो म्हणणार, इतक्यात अबोली बोलली.

"ओढायच्या आधी तो पत्ता टाक, चालतं. तुझे सगळे पत्ते परत येतील."

"मला का सांगतेस गं?"

"माझ्यामुळे तो तुझ्याकडे आला. तो काय करतो, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

माणकूने पत्ता टाकला. दोन पाळ्यांनंतर त्याच्या लांडग्याने अबोलीची शेवटची गुंज नेली. पेटी माणकूला मिळाली. अबोलीने आपले पत्ते गोळा केले आणि ती बाभळीखाली जाऊन बसली. थोडं रडूही आलं तिला.

परी तिथेच होती. तिने अबोलीपुढे कोऱ्या पत्त्यांचा गठ्ठा आणि एक नाजूक कुंचला ठेवला. "तू काढशील ते चित्र खेळेल. हा गठ्ठा कधी संपणार नाही. फक्त, कशानेच हरणार नाही असा पत्ता काढलास, तर त्याचे रंग उडून जातील."

तिचे पंख लखलखले. बाग केशरी, गुलाबी, चंदेरी उजेडाने भरून गेली. उजेड ओसरला तेव्हा फांदी रिकामी होती.

अबोलीने एक अजिंक्य वाघ काढला. रंग भुर्रकन उडाले. मग तिने वाघाच्या पंजात बारीकसा काटा काढला. रंग टिकले.

माणकू पेटी घेऊन शेजारी येऊन बसला. "हा वाघ हरतो तरी कशाने?"

"खेळून बघ," अबोली म्हणाली, आणि पत्ते पिसू लागली.