भरलेल्या वसाहतीत दिलेली हाक

कऱ्हाडच्या रंगनाथराव बेलसऱ्यांना निवृत्तीच्या पैशांतून भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यायचा होता. गावाबाहेर नवा घ्यावा की बाजारामागच्या बोळातली जुनी खोली, हाच घोळ होता. रविवारी सकाळी बिल्डर धनाजीशेठ त्यांना आणि सुमित्राबाईंना गावाबाहेरच्या आपल्या चकचकीत वसाहतीत घेऊन गेले.

"सगळे फ्लॅट भरलेत काका! हा शेवटचाच उरलाय. भाडेकरू रांग लावून उभे आहेत."

खिडक्यांना पडदे होते, दारापुढे चपला होत्या. रंगनाथरावांनी चेकबुक काढलं.

तोच सुमित्राबाईंनी पदर खोचला, मधल्या चौकात उभ्या राहिल्या आणि खड्या आवाजात ओरडल्या, "भांडीऽऽय! जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ!"

रंगनाथरावांच्या हातातलं पेनच गळून पडलं. अख्खी शाळा नुसत्या नजरेने गप्प करणारी ही मुख्याध्यापिका, आपली बायको, बोहारणीसारखी ओरडतेय? शेठ तर आ वासून बघतच राहिले.

"फाटक्या पँटवर स्टीलचं पातेलंऽऽ!"

एकही पडदा हलला नाही.

"अहो बाई, हे काय चालवलंय?" शेठ पुढे धावले.

"शेठ, फाटक्या पँटवर पातेलं मिळतंय म्हटल्यावरही जिथे एक बाई खिडकीत येत नाही, तिथे माझं भाडं भरायला कोण येणार?"

रंगनाथरावांनी चेकबुक खिशात घातलं.

"चला, बाजारामागच्या बोळातली ती जुनी खोली घेऊ," बाई म्हणाल्या. "पण तिथे तुम्ही एकटेच जा. काल मी तिथेही हाक दिली होती. बायका अजून पातेल्यासाठी मला शोधताहेत."