चिचुंद्रीची गोधडी

उंदरांच्या दारापुढं अजून तुळस असायची, तेव्हाची गोष्ट. एकदा मेलेले बोके उठून चालू लागले. ते ज्याला चावत, तोही मरून तसाच हिंडू लागे.

बायजी उंदरणीनं अंगावर करवंटी चढवली. ती जड झाली, म्हणून कुरतडून लहान केली. मग पाठ उघडी पडली, म्हणून बाभळीचे काटे खोचले. ते तिलाच टोचले.

शेजारची चिचुंद्री मात्र खुशाल फिरे. तिच्या वासानं मेलेले बोकेसुद्धा नाक मुरडून मागं सरत. याच चिचुंद्रीला बायजीनं "आधी आंघोळ कर, मग दारात ये" म्हणून हाकललं होतं.

बोके बिळाशी आले, तशी बायजी मागच्या वाटेनं तिच्याकडं धावली. "आक्का, तुमची गोधडी द्या हो पांघरायला!"

"देते की," चिचुंद्री गालात हसली. "थांब, आधी स्वच्छ धुऊन देते."

"नको हो आक्का, पाया पडते! तशीच द्या!"