बकुळीच्या आईचा बाण

फुलवडी गावात बकुळी नावाची चिमुकली मुलगी राहायची. तिची आई सगुणाबाई घरांचे नकाशे काढायची. तिची घरं इतकी पक्की, की पडायचं नावच घेत नसत. मग नवं घर हवं कुणाला? घ्या, आपल्याच हाताने पायावर धोंडा! काम संपलं, चूल थंडावली, बकुळीच्या परकरावर ठिगळंच ठिगळं. आईने पेन्सिली डब्यात घातल्या आणि ती नुसती भिंतीकडे बघत बसू लागली. बकुळीला भुकेपेक्षा त्याचंच जास्त रडू यायचं.

एका सोनेरी सकाळी करवंदीच्या जाळीत तिला एक इवलीशी परी दिसली. काट्यात अडकून तिचा चंदेरी पंख टरकला होता. बकुळीने परकराचा उरलासुरला धड तुकडा फाडला आणि ठिगळ टाचून दिलं. परी म्हणाली, काय हवं ते माग. बकुळीने आईसाठी काम मागितलं.

परीने मोरपंखी कुंचला दिला. "आई कापडावर काढेल ते खरं होईल. पण काढलेलं पुसायचं नाही हं, बाळे."

इनामदारांकडे बारसं होतं. आईने बाळाच्या आत्याबाईंच्या साडीवर लाल लाल दारं काढली, निळ्या निळ्या खिडक्या काढल्या. खिडक्या उघडल्या, गार वारा झुळझुळला आणि आत्याबाई हरखल्या. पण जित्याची खोड! नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण काढतात ना, तो आईने सवयीने पदरावरही काढला.

बारशाला आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगायला उठल्या आणि तरातरा उत्तरेला निघाल्या, थेट गोठ्यात! धरून आणलं, पुन्हा गोठ्यात. अहो, बाळाऐवजी वासराचंच नाव श्रीरंग पडायचं तेवढं राहिलं! साडी बदला म्हटलं तर बाईंनी डोळे वटारले. इकडे बाळ बिननावाचं रडतंय. आईचा चेहरा एवढासा झाला. कुंचला परीला देऊन टाक, म्हणाली.

बकुळीने आईचा हात घट्ट धरला. "आई, पुसायचं नाही म्हणाली परी. आणखी काढायचं नाही असं कुठं म्हणाली?"

आईने त्या बाणाभोवती साऱ्या दिशांना बाण काढले. झालं की टपोरं चांदणफूल! मग फुलाशेजारी फूल, अशी साडीभर फुलं. सगळे बाण सगळीकडे ओढू लागले, तशा आत्याबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि बाळाला एकदाचं नाव मिळालं. बायकांनी लगेच आईला गराडा घातला. प्रत्येकीला तस्सं लुगडं हवं होतं.

संध्याकाळी परी आली. आईने तिच्या ठिगळावर इटुकल्या खिडक्या काढल्या. त्या उघडल्या, आतून लख्ख उजेड सांडला आणि हसत हसत परी त्या उजेडात विरून गेली.

बकुळीलाही नवा गुलाबी परकर मिळाला. त्यावर मात्र आईने मुद्दाम एकच बाण काढला, आपल्या घराकडे. आता दिवेलागणीला खेळ कितीही रंगलेला असो, बकुळीचे पाय घरी पळतात. ती कुरकुरते खूप. पण दारात शिरावं, तर गरम गरम भाताचं ताट वाढलेलं असतं आणि आई गाणं गुणगुणत फुलं काढत असते.