गाडीची हजेरी

मिरजेच्या कुमुदिनीबाई धारप लेकीच्या बाळंतपणासाठी निपाणीला गेल्या होत्या. परत आल्या तर दारात कोर्टाचा बेलिफ उभा. एका खासगी पार्किंगवाल्याने थकलेल्या भाड्यासाठी त्यांच्यावर दावा लावला होता. तारखेला बाई हजर नव्हत्या म्हणून निकाल एकतर्फी लागला होता आणि आता त्यांची जुनी फियाट जप्त होणार होती. त्या गाडीवर बाईंचा भारी जीव. त्यांनी निकाल रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि स्वतःच कोर्टात उभ्या राहिल्या.

"मला नोटीस मिळालीच नाही, साहेब," त्या म्हणाल्या.

पार्किंगवाल्याचे वकील ऐटीत उठले. "घर बंद होतं, म्हणून नोटीस दारातल्या गाडीच्या काचेवर चिकटवली. गाडीला मिळाली म्हणजे मालकिणीला मिळाली."

"मग मी तारखेला हजर होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "गफूरभाई मेकॅनिक गाडी दुरुस्तीला घेऊन गेले होते. त्यांचं गॅरेज या कोर्टाच्या फाटकासमोरच आहे. त्या दिवशी ती सकाळपासून इकडे तोंड करून उभी होती, विचारा त्यांना. गाडीला दिलेली नोटीस मला पोचते, तर गाडीची हजेरी माझी का नाही?"

न्यायाधीशांनी हसू दाबत निकाल रद्द केला आणि नवी तारीख दिली. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "या वेळी कोण येणार बाई, तुम्ही की गाडी?"

"मीच येईन, साहेब, रिक्षाने," बाई म्हणाल्या. "गाडी आणली तर लावायची कुठे?"