हिरू कोळीण आणि बाणाचा शंख

एका राज्यात, समुद्राच्या अगदी काठावर, वीरकेतू राजा राज्य करी. एकदा त्याने एका मांत्रिकाला दारातून हाकलले. जाता जाता मांत्रिक शापून गेला, "राजा, तुझ्या लेकीचे दुखणे कधी निजणार नाही. ज्याला तुम्ही ठेचून मारता, त्यानेच औषध दिले तर सुटेल!"

तेव्हापासून राजकन्या मालविका अंगभर ठणका सोसत पडली. वैद्यांनी हात टेकले. म्हणाले, "पोर येती पौर्णिमा काही बघायची नाही." राजाने शापाचे शब्द सांगत गावोगाव दवंडी पिटवली.

दवंडी ऐकून हिरू कोळणीचे जाळे विणता विणता हात थांबले. त्या किनाऱ्यावर चालच होती, बाणाचा शंख दिसला की दगडाने ठेचायचा. शंख दिसायला देखणा, आत गोगलगाय. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात. हिच्या तर तोंडात विषाचा बाण! हिरूचा नवरा पोशा त्या बाणानेच गेला. पण जाताना, दहा वर्षे ठणकणारा गुडघा चाचपून तो म्हणाला होता, "हिरू, आज दुखत नाही गं." ते बोल ती विसरली नव्हती.

ओहोटीला ती खडकांत उतरली. पहिला शंख दिसला आणि, काय म्हणावे मेल्या सवयीला, तिने दगड घातलाच! विष वाळूत गेले. दुसरा उचलायला वाकली, तोच खडकावरचा खंड्या पक्षी ओरडला, "अगं बये, हात आवर! नवऱ्यामागे जायची घाई झालीय का?"

"मग घेऊ कसा?"

"तो मासे खातो. त्याला मासा दाखव."

तोवर दुसरा शंख लाटेबरोबर गेला. तिसऱ्यासाठी हिरूने बांबूच्या नळीच्या तोंडावर माशाची ताजी कातडी ताणून बांधली नि नळी पुढे धरली. दुसऱ्या हातात दगड होताच. पोशाला मारणारा हाच असला तर? तिचा जीव जळला. तिने डोळे पुसले आणि दगड खाली ठेवला. शंखातून बाण सुटला, कातडी भेदून गेला, नळीत एक थेंब पडला.

नळी घेऊन हिरू राजवाड्यात गेली. राजा कडाडला, "विष? माझ्या लेकीला?"

"महाराज, आधी मला टोचा."

तिने हंडाभर पाण्यात तो थेंब सोडला, बाभळीचा काटा बुडवून आपल्या दंडाला टोचला. प्रहर गेला. हिरू धडधाकट! मग तोच काटा राजकन्येच्या पाठीच्या कण्याशी टोचला. मालविकेने मोठा श्वास घेतला आणि बापाच्या मांडीवर शांत झोपली. शाप सरला. राजा लहान मुलासारखा रडला.

"बाई, माग, हवे ते माग."

"शंख ठेचायची चाल मोडा, महाराज."

त्या दिवसापासून चाल मोडली. संध्याकाळी हिरू त्याच खडकाशी गेली. शंख तिथेच होता. ती म्हणाली, "मेल्या, माझा धनी नेलास, त्याची माफी नाही. पण शेवटी त्याला दुखू दिलं नाहीस. म्हणून दगड खाली ठेवला."

भरती आली, शंख पाण्यात उतरला. जशी राजकन्येला झोप लागली, तशी ठणक्याने जागणाऱ्या सगळ्यांना लागो.