गारठलेला भुंगा आणि भोपळ्याचं फूल

एक होता भुंगा. काळा काळा, गोल गोल. भिंतीवर त्याची उन्हाची जागा होती. रोज सकाळी तिथे बसायचा. अंग तापलं की घुंऽऽऽ! थेट भोपळ्याच्या फुलात.

आज बघतो तर काय? भिंतीवर ओली गोधडी! सगळं ऊन तिच्या अंगावर. भुंगा गारठला. पंख उघडेनात. आणि फूल तर थोड्या वेळात मिटणार!

तुरुतुरु तुरुतुरु.
"गोधडीबाई, गोधडीबाई, ऊन मिळेना, भुंगा उडेना. सरक ना!"
"मी नाही सरकत. रेवूच्या आईने उचललं तर सरकेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"आई, आई, गोधडी सरकेना, ऊन मिळेना, भुंगा उडेना. उचल ना!"
"मी नाही उचलत. रेवूनेच भिजवलीय ती. आधी रेवू न्हाली तर उचलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. लवकर, लवकर!
"रेवू, रेवू, आई उचलेना, गोधडी सरकेना, ऊन मिळेना, भुंगा उडेना. न्हा ना!"
"मी नाही न्हात. पाणी गाऽऽर आहे! बंब तापला तर न्हाईन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"बंबोबा, बंबोबा, रेवू न्हाईना, आई उचलेना, गोधडी सरकेना, ऊन मिळेना, भुंगा उडेना. ताप ना!"
"मी नाही तापत. पोटातला निखारा फुलला तर तापेन."

तुरुतुरु तुरुतुरु. लवकर, लवकर, लवकर!
"निखारेदादा, निखारेदादा, बंब तापेना, रेवू न्हाईना, आई उचलेना, गोधडी सरकेना, ऊन मिळेना, भुंगा उडेना. फुल ना!"
"मी नाही फुलत. वारा घातलास तर फुलेन."

वारा? आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही! तिकडे फूल मिटायला लागलं.
भुंगा असा चिडला, असा चिडला!
"जा! मीच घालतो वारा!"

पण पंख हलेनात. मग त्याने अंग थरथरवलं.
थरथर थरथर. आत थोडी ऊब आली.
थरथर थरथर. आणखी ऊब आली.
पंख सुटले. घुंऽऽऽ!

निखारा फुलला.
बंब तापला.
रेवू न्हाली.
आईने गोधडी उचलली, दोरीवर टाकली.
भिंतीवर ऊन आलं.

"भुंगोबा, ये रे! तुझं ऊन घे!" आई म्हणाली.

भुंगा कुठाय? भोपळ्याच्या फुलात! मिशा पिवळ्या, पोट पिवळं.

मग उन्हाच्या जागेवर कोण बसलं? ओल्या केसांची रेवू. थरथर थरथर!

फुलातून भुंगा ओरडला, "रेवू, रेवू, थरथर अजून! आत्ता उडशील!"