शेठचं न पाहिलेलं रूप

लग्नानंतर महिन्याभरात सासूबाई मला त्यांच्या चित्रकार मंडळात घेऊन गेल्या. तिथला रिवाज असा, की प्रत्येकाने आपलं अडलेलं चित्र आणायचं, कुठे अडलं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी वाट सुचवायची. मला भारी उत्सुकता होती. पण खोली दिगंबरशेठची, त्यामुळे बोलायचे ते शेठच. सासूबाईंनी "माझ्या नदीचं पाणी..." एवढं म्हणताच शेठ आपल्या सिंगापूरच्या सहलीत शिरले.

तिथून परतल्यावर म्हणाले, "आता माझं चित्र काढा. पण गावाने कधी पाहिलं नाही असं रूप हवं. जमत नसेल तर दुसरी खोली बघा!"

सगळे गार पडले. हात जोडलेले शेठ, फोन कानाला लावलेले शेठ, फीत कापणारे शेठ गावातल्या प्रत्येक फलकावर होतेच. आणि मंडळाला फुकट खोली दुसरं कोण देणार?

"काय सूनबाई, तुम्हाला सुचतंय का काही?" शेठ हसले.

"सुचतंय ना, काका," मी हळूच म्हटलं. "तुम्ही दुसऱ्याचं ऐकून घेताय, असं काढू या. ते अजून कोणीच पाहिलेलं नाही."

कोणीतरी उगाच खोकलं. शेठ लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं, तोच ड्रॉइंगचे आग्रे गुरुजी पेन्सिल सरसावून म्हणाले, "मिटा शेठ, रूप बिघडतंय!"

चित्राचा मोह मोठा. शेठनी तोंड मिटलं.

सासूबाईंनी नदी पुढे ओढली आणि पाणी कुठे अडलंय ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत सांगितलं. शेठची चुळबुळ सुरू झाली.

"हलू नका," गुरुजी म्हणाले. "अजून कान काढायचेत."